सहीचा नमुना

जामनेर
११ फेब्रुवारी १९९०

चि. सौ. सुनंदा,

आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. कापूस यंदा बरा आला आणि भाव पडला, म्हणजे नेहमीचंच. आईचे गुडघे थंडीत धरतात, बाकी ती खडखडीत आहे. कमलवहिनी तुझी आठवण काढते.

पत्र लिहायचं कारण असं, की यंदा अखाजीला तू यावंस. लग्न होऊन आठ वर्षं झाली, एकदाही अखाजीला माहेरी आली नाहीस. गल्लीतल्या सगळ्यांच्या लेकी येतात, निंबाला झोके बांधतात, आणि आई दारात उभी राहून दुसऱ्यांच्या लेकी बघते. तिकिटाचा खर्च माझा. जावईबापूंना सुट्टी नसेल तर एकटी ये. फक्त वीस एप्रिलच्या आत ये.

त्यातच एक लहानसं काम उरकून घेऊ. तुझी इन्कम टॅक्सची फाईल तुला आठवत असेल. तू अठराची झालीस तेव्हा आबांनी जीवराम वकिलांकडे काढली होती. वकिलांनी पेन्सिलीने फुल्या मारल्या होत्या आणि तू त्या फुल्यांवर सह्या केल्या होत्यास. ती फाईल अजून चालू आहे. शिवणक्लास आणि थोडी कापसाची अडत असं त्यात दाखवतो. बाजारातल्या प्रत्येक आडत्याच्या घरी लेकीच्या नावाची फाईल असते, त्यात जगावेगळं काही नाही. आता जळगावला नवीन साहेब आलेत. वय कमी आणि हौस फार. त्यांनी तुला समक्ष बोलावलं आहे, चोवीस एप्रिल, सकाळी अकरा वाजता. अर्ध्या तासाचं काम आहे. वकील शेजारी बसतील.

दोन गोष्टी लक्षात ठेव. फाईलवर तू अजून कुमारी सुनंदा तोताराम बोरसे आहेस. लग्नाचं कळवायचं राहून गेलं. तेव्हा ऑफिसात शिरण्याआधी मंगळसूत्र आणि जोडवी काढून वहिनीजवळ दे. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, मनाला लावून घेऊ नकोस.

दुसरं, सोबत सहीचा नमुना पाठवतो आहे. ही तुझी सही. रोज पाच-दहा वेळा गिरव, म्हणजे साहेबांसमोर हात अडखळणार नाही.

उलट टपाली कळव.

तुझा
भाईदास

---

टोलेडो, ओहायो
२ मार्च १९९०

भाऊ,

वरती नमस्कार लिहायला घेतला होता, पण हात वळेना. म्हणून तो राहू दे.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं चेष्टा करताय. तिसऱ्यांदा वाचल्यावर कळलं की तुम्ही अगदी मनापासून लिहिलं आहे. नवरा धडधाकट असताना मी मंगळसूत्र उतरवायचं, आणि तेही ऑफिसच्या दारात, चपला सांभाळायला द्याव्यात तसं वहिनीच्या हातात द्यायचं. हे लिहिताना तुमचा हात अडखळला नाही का? मला सह्यांचा सराव सांगताय.

आणि ही माझी सही नाही. मी अशी सही जन्मात केली नाही. आधी एक लांबलचक रेघ ओढली आहे, मग त्या रेघेखाली एकेक अक्षर लटकवलं आहे, दोरीवर कपडे वाळत घालावेत तसं. पेन इतकं दाबलंय की कागद मागून बोटाला टोचतो. लग्नानंतर मी एकाही कागदावर सही केलेली नाही. मग ही सात वर्षं कोण करतंय? वकिलाचा कारकून? तुम्ही? तो कागद मी चुरगळून कचऱ्यात टाकला, एवढं कळवते.

शिवणक्लास तर फारच छान. मी आयुष्यात एक पोलकं शिवलं, ते कमलवहिनींच्या एका हातातून वर गेलं नाही. त्या क्लासला पोरी किती येतात, तेही कळवा. कोणी विचारलं तर माहीत असावं.

आता इकडचं ऐका. तुम्हाला वाटतं तिकडचा कागद तिकडेच राहतो. इथे दर एप्रिलला नवरा-बायको दोघांची एकाच फॉर्मवर सही लागते, आणि सहीच्या वरच छापलेलं असतं की यात खोटं असेल तर तो गुन्हा. जगात कुठेही काही कमावलं असेल तर ते लिहायचं. परदेशात बँकेत खातं आहे का, हेही विचारतात. पहिल्या वर्षी आमचे कागद भरणाऱ्या बाईने मला विचारलं, तुझं तिकडे काही आहे का? मी हसले. म्हटलं, तिकडे माझी एक पत्र्याची पेटी आहे, त्यात शाळेची वह्या-पुस्तकं आहेत. तिने "नाही" वर खूण केली. दर वर्षी करते. दर वर्षी मी त्याखाली सही करते. तुम्ही मला सात वर्षं खोटं बोलायला लावलं आणि मला पत्ताही नाही.

मी इथल्या नागरिकत्वाचा अर्ज केला आहे. ऑक्टोबरात मुलाखत आहे. कर खरा भरला का, हे तिथे शपथेवर विचारतात. तो अर्ज मी हौसेने केलेला नाही. नागरिक झाल्याशिवाय मला आईला इथे बोलावता येत नाही, म्हणून केला. आबा गेल्यापासून ती तुमच्या घरी कशी राहते ते मला देवपूरच्या सासरच्या लोकांकडून कळतं. मला आई माझ्याजवळ हवी आहे. आठ वर्षांत मी माहेराकडे दुसरं काही मागितलेलं नाही.

तेव्हा वकिलांना सांगा, ती फाईल बंद करा, आणि माझं लग्न मे ब्याऐंशीत झालं हे ऑफिसला लिहून कळवा. महिनाभरात कळवलं नाहीत तर मी स्वतः कळवेन.

सुनंदा

---

जामनेर
२२ मार्च १९९०

सौ. मीनल अभिमन भामरे यांस,

चमकू नकोस. तुझ्या पासपोर्टवर जे नाव आहे तेच लिहिलं. पत्राखाली मात्र तू "सुनंदा" अशी सही केलीस. सोयीप्रमाणे कधी ही, कधी ती.

लग्नात ताटातल्या तांदळावर तुझ्या सासूने अंगठीने नाव लिहिलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सुनंदा त्यांना जुनाट वाटलं. देवपूरचे लोक, कॉलेजजवळ बंगला, त्यांना मीनल पाहिजे होती. तेव्हा तू मान खाली घालून हसलीस. आबांचं तोंड किती उतरलं ते तुला दिसलं नाही, तू पेढे वाटण्यात होतीस. त्यांनी टाकून दिलेलं नाव आम्ही उचलून ठेवलं. मीनल भामरेच्या अमेरिकेतल्या पगाराला आम्ही हात लावला का? नाही ना. मग सुनंदा बोरसेच्या शिवणक्लासशी तुझा काय संबंध? ती आमची पोर. ती या घरात राहते. तिचं आम्ही बघून घेऊ.

कायदा मला शिकवू नकोस. बायकोच्या नावावर दाखवलं तर ते नवऱ्याच्या डोक्यावर येतं, सज्ञान लेकीच्या नावावर दाखवलं तर येत नाही. हे जीवराम वकिलांनी आबांना सांगितलं आणि आबांनी केलं. त्याच फाईलच्या आधारावर दुकान उभं राहिलं, आणि त्याच दुकानातून तुझं लग्न झालं. साडेतीनशे पान उठलं होतं. तेव्हा तू विचारलं नाहीस की आबा, हे कुठून आलं. आता इतक्या वर्षांनी ओहायोत बसून तुला कळायला लागलं.

आबा गेले तेव्हा तार केली होती. तू दहा दिवसांनी फोन केलास, तोही शेजारच्या झुलालशेठच्या दुकानात. दहाव्याला कावळा शिवेना, आई म्हणाली पोरीत जीव अडकला असेल. तुझं नाव घेतलं तेव्हा शिवला. आणि तू मला विचारतेस आई कशी राहते. ती जशी राहते तशी आमच्यासोबत राहते. आम्ही जे खातो ते खाते. देवपूरच्या लोकांना म्हणावं, दुसऱ्याच्या चुलीत डोकावू नका.

आणि आईला तिकडे न्यायचं डोक्यातून काढ. ती येत नाही म्हणते. तिला विमानाची भीती वाटते. विषय संपला.

राहिली सही. कोण करतं ते विचारू नकोस. एकदाच सांगतो आणि तुझ्याच भल्यासाठी सांगतो. यायचं नसेल तर येऊ नकोस, मी साहेबांना सांगेन की मुलगी आजारी आहे. पण तिकडून एक अक्षर पाठवू नकोस.

भाईदास

---

टोलेडो
९ एप्रिल १९९०

भाऊ,

अक्षर पाठवलं आहे. रजिस्टरने. साहेबांना लिहिलेल्या पत्राची प्रत सोबत आहे. तुम्हाला वाचायचा कंटाळा येईल म्हणून थोडक्यात सांगते. माझं लग्न नऊ मे ब्याऐंशीला झालं. तेव्हापासून मी या देशात राहते. माझा शिवणक्लास नाही आणि अडतही नाही. लग्नानंतरच्या एकाही कागदावरची सही माझी नाही. ती कोणी केली याचा शोध घ्यावा आणि त्या माणसावर योग्य ती कारवाई करावी, अशी विनंती केली आहे. सोबत लग्नपत्रिका आणि माझ्या खऱ्या सहीचे तीन नमुने जोडले आहेत.

तुमचं पत्र वाचून रडू आलं, ते आबांच्या ओळींवर. तेव्हा माझे इथले कागद व्हायचे होते. देश सोडला असता तर परत घेतलं नसतं. हे मी फोनवर सांगितलं होतं, पण लाइन खराब होती आणि तुम्हाला ऐकायचंही नव्हतं. नावाचं म्हणाल तर मला विचारून कोणी बदललं? तुम्हीही विचारलं नाही, त्यांनीही नाही. त्यांनी माझं नाव बदललं आणि तुम्ही जुनं वापरायला ठेवलं. दोन्ही घरांनी मिळून मला वाटून घेतलं, आणि आता मीच सोयीची म्हणे.

इथले कागद मी दुरुस्त करायला दिले आहेत. मला माहीत नसलेलं उत्पन्न माझं म्हणून लिहायचं की नाही, यावर आमच्या बाई दोन दिवस विचार करत होत्या. शेवटी म्हणाल्या, तिकडच्या ऑफिसने सही तुझी नाही असं मान्य केलं तर तू मोकळी. म्हणजे आता सगळं त्या सहीवर आहे. अभिमन चार दिवस जुने फॉर्म काढून चाळत होते. पाचव्या दिवशी म्हणाले, तुझ्या माहेरच्यांनी मलाही त्या कागदाखाली सही करायला लावली की.

आईच्या पासपोर्टचा फॉर्म सोबत पाठवते. जिथे फुली केली आहे तिथे तिचा अंगठा घ्या. ती येत नाही म्हणते हे तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी मानणार नाही. अंगठा नीट उमटू द्या, फॉर्म एकच आहे. बँकेत तिला अंगठा द्यायला नेलं की ती शाई लुगड्याच्या आत पुसायची, कोणाला दिसू नये म्हणून. मी पाचवीत असताना तिला पाटीवर तिच्या नावातलं "बे" काढून दाखवायचे. तिला पेन्सिल धरता येईना. चुलीतल्या लाकडासारखी मुठीत धरायची. मग म्हणायची, राहू दे बाई, मना हात त्यासाठी नही. तेव्हा मी सोडून दिलं. आता इथे आणल्यावर शिकवणार आहे.

तुम्ही फक्त अंगठा घ्या. बाकी तुमच्याकडून काही नको.

सुनंदा

---

जामनेर
२ मे १९९०

सुनंदा,

तुला शोध हवा होता. शोध लागला. नीट बसून वाच.

चोवीस तारखेला मी, जीवराम वकील आणि आई जळगावला गेलो. आईला मीच नेलं. मुलगी अंथरुणावर आहे म्हणायचं, म्हातारी माय जरा डोळे पुसेल, तारीख वाढून मिळेल, असं वकिलांचं गणित. आई नवं लुगडं नेसून आली. साहेब तिला आजी म्हणाले, बाकावर बसवलं, पाणी दिलं. मी आजारपणाचं अर्धं सांगितलं होतं, तोवर त्यांनी टेबलाच्या खणातून तुझं पत्र काढून माझ्यासमोर ठेवलं. लग्नपत्रिका वर होती. त्यावर "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं" म्हणून माझ्याच दोन पोरांची नावं छापलेली.

मी लगेच म्हणालो, सह्या मी केल्या. हे तुला पटणार नाही, पण म्हणालो. साहेबांनी कोरा कागद दिला, करून दाखवा. मी केली. जुळली नाही. वकिलांना करायला लावली, त्यांच्या हाताला कंप, ती तर अजिबात नाही. कमलचं अक्षर तिच्या स्वतःच्या फाईलवर होतंच, तेही काढून पाहिलं. मग साहेब आवाज चढवून बोलायला लागले. खोट्या सहीला सजा काय, तुरुंग किती, सगळं. शिपाई दारात येऊन उभा राहिला.

तेव्हा आई उठली. म्हणाली, "साहेब, पोऱ्यावर काबर रागे भरतस? सही मी करस."

साहेबांना वाटलं म्हातारी लेकाला वाचवते. त्यांनी तिच्यापुढे कागद सरकवला. आईने पेन मुठीत धरलं. आधी रेघ ओढली, मग एकेक अक्षर. सुनंदा तोताराम बोरसे. चार मिनिटं लागली. साहेबांनी विचारलं, "आजी, ही तुमची सही?" ती म्हणाली, "मनी नही. मनी आंडेरनी शे. मी करस." आंडेर म्हणजे लेक, असं वकिलांनी समजावलं. साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं आणि खाली तिचा अंगठा घेतला.

आता ऐक, कसं झालं ते. त्र्याऐंशीत अखाजीच्या आठवड्यात वकील फॉर्म घेऊन आले. तू नाहीस. आबा म्हणाले मी करतो. वकील म्हणाले, तुमचं, भाईदासचं, सुनेचं, सगळ्यांचं अक्षर ऑफिसात आहे. आज ना उद्या कोणी जुळवून पाहील. जिच्या हाताला अक्षरच नाही तिच्याकडून करवा, ते कोणाशी जुळणार? मग आबांनी तुझी जुनी सही समोर ठेवून आईला शिकवलं. दुकानातल्या वजनाच्या पावत्यांच्या मागे, दोन महिने. तू पाटीवर चार दिवस शिकवून सोडून दिलंस, आबांनी सोडलं नाही. मी म्हणालो होतो, तिला कशाला यात घालता. आईच म्हणाली, "तठे तिनं नाव पुसाई गयं. आठे तरी राहू द्या." तिला कर कळत नाही, फाईल कळत नाही. दर अखाजीला बाकीच्या लेकी घरी येतात आणि वकील तुझा कागद घेऊन येतो, एवढं तिला कळतं. आबा गेल्यावर मी बंद करणार होतो. तिनेच विचारलं, यंदा सुनंदाचा कागद आला नाही का?

तुला पाठवलेला नमुना तिनेच लिहिला होता. तीन कागद वाया घालवून चौथा दिला. तो तू कचऱ्यात टाकलास.

वकिलांनी साहेबांशी बोलून घेतलं आहे. महिन्याची मुदत आहे. तू लिहून दिलंस की सह्या तुझ्या सांगण्यावरून झाल्या, तर सगळ्या वर्षांचा कर आणि दंड लावून फाईल बंद होईल. ते मी भरेन, दुकान विकून भरेन, तो माझा प्रश्न. नाही लिहिलंस तर तुझं पत्र ही फिर्याद आहे, आणि "त्या माणसावर योग्य ती कारवाई" होईल. तुझेच शब्द आहेत. त्या माणसाचं नाव बेबाबाई, वय एकसष्ट.

येताना बसमध्ये ती खुशीत होती. साहेब शेवटी म्हणाले होते की आजी, अक्षर चांगलं आहे. गल्लीत आल्या आल्या तिने शेवंताबाईला सांगितलं. ती काय करून आली ते मी अजून तिला सांगितलेलं नाही. सांगायचं असेल तर तू लिही, मी वाचून दाखवीन.

फॉर्म कपाटात टाकला आहे. खटला लागला तर पासपोर्ट कसला.

भाईदास

---

टोलेडो
१७ मे १९९०

भाऊ,

साहेबांना आज पत्र टाकलं. पहिलं पत्र मी रागाच्या भरात आणि गैरसमजातून लिहिलं होतं, ते मागे घेते. सह्या आईने केल्या त्या माझ्या सांगण्यावरून आणि माझ्या माहितीत केल्या. लग्नाचं कळवायचं माझ्याकडून राहिलं. कर आणि दंड जो होईल तो मान्य. यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी समजून उमजून खोटं लिहिलं आहे. प्रत जोडली आहे, वकिलांना द्या.

हे तुमच्यासाठी केलेलं नाही. तुमच्यावर खटला झाला असता तर मी पत्र मागे घेतलं नसतं, हे तुम्हाला माहीत असावं. तुम्ही तिला तिथे घेऊन गेलात. तिच्या डोळ्यातलं पाणी तारखेसाठी वापरायला घेऊन गेलात. आबांनी तिला लिहायला शिकवलं, पण तिचं नाव शिकवलं नाही. दोन महिने बसले म्हणता. त्यातला एक दिवस "बेबाबाई" साठी काढता आला नाही कोणाला. मलाही नाही, हे मला कळतं. म्हणून जास्त राग येतो.

आता इकडचा हिशोब. त्या पत्रात मीच लिहून दिलं की मला माहीत होतं. म्हणजे सात वर्षं मी "नाही" वर जाणूनबुजून सही केली. इथल्या वकिलाला दाखवलं. तो म्हणाला, नागरिकत्वाचा अर्ज त्यांनी विचारण्याआधी मागे घ्या, नाहीतर आहे तो राहण्याचा परवानाही जाईल. मागे घेतला. पुन्हा कधी करता येईल ते तो सांगत नाही. मी अभिमनना विचारलं, मी काय करू? ते म्हणाले, तुझी आई आहे, तू ठरव. आणि बाहेर जाऊन गाडी धूत बसले. सकाळीच धुतलेली होती.

म्हणजे आईला मी इथे आणू शकत नाही. तिला वाचवायला जे लिहिलं त्यानेच ते दार बंद झालं. तुम्ही जिंकलात असं समजायला हरकत नाही.

तिला काही सांगू नका. तिने गुन्हा केला हे तिला कधीही कळता कामा नये. साहेबांनी अक्षर चांगलं आहे म्हटलं, तेवढंच तिच्याजवळ राहू द्या. तुम्ही सांगितलंत तर आपलं नातं संपलं. तसं फार उरलेलंही नाही.

एक मागते. तो नमुना मार्चमध्येच कचऱ्याच्या गाडीत गेला. माझ्याजवळ आईच्या हातचं दुसरं काही नाही. तिच्याकडून एकदा लिहून घ्या आणि पाठवा. त्यानंतर पत्र लिहिलं नाहीत तरी चालेल.

सुनंदा

---

जामनेर
३० जून १९९०

सुनंदा,

फाईल बंद झाली. आकडा कळवत नाही, तुला त्याचं करायचंय काय. दुकानाची मागची बाजू गेली, पुढची आहे. आईवर काही आलं नाही. तिला काही सांगितलेलं नाही. तू धमकी दिलीस म्हणून नाही, मलाही सांगवत नव्हतं. यंदा कागद आला नाही म्हणून तिने दोनदा विचारलं. सांगितलं, आता सुनंदा तिकडेच भरते.

जिंकलात म्हणालीस ते वाचलं. तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य सोडलं तर बाकीचं मी परत परत वाचतो. राग आला म्हणून वाचतो.

एक लिहायचं राहिलं आहे. आई तिकडे यायला तयार नाही, असं मी मार्चमध्ये कळवलं होतं. मी तिला विचारलंच नव्हतं. मे महिन्यात कमलने कपाट आवरताना तो पासपोर्टचा फॉर्म काढला, आईने हे काय म्हणून विचारलं, आणि कमलने सांगून टाकलं. त्या दिवसापासून तिने दोन लुगडी आणि आबांचा फोटो पिशवीत घालून ती खुंटीला लावून ठेवली. मी सांगितलं, आता जमत नाही, सुनंदाचे कागद अडले. ती म्हणाली, अडले तर सुटतील, माझा कागद तरी तयार करून ठेव. रोज तेच. शेवटी मागच्या सोमवारी पासपोर्टचं काम करणाऱ्या भिकनकडे तिला जळगावला नेलं.

भिकनने शाईचा डबा पुढे केला. तिने हात मागे घेतला. म्हणाली, अंगठा कशाला, मला सही येते. मी काही बोलायच्या आत तिने पेन उचललं, तुझ्या फुलीशेजारी रेघ ओढली आणि लिहायला लागली. मला थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही.

भिकन वाचून म्हणाला, मावशी, हे दुसऱ्याचं नाव झालं. मधलं नाव, आडनाव बरोबर आहे, नुसतं पहिलं बदला. इथे बेबाबाई लिहा.

फॉर्म बाद झाला. तू नमुना मागितला होतास, म्हणून तोच सोबत पाठवतो आहे. दुसरा फॉर्म हवा असेल तर तू पाठव. आईने भिकनला काय सांगितलं तेही कळवतो.

ती म्हणाली, "माले इतलंच येस."

भाईदास